चालत्या मोटारींतील नाद

वऱ्हाडांतील काळ्या मातीच्या वाटेनें जाणाऱ्या बंडीला दोन आवाज असत. एक चाकाचा व कण्याचा, आणि दुसरा बैलांच्या गळ्यांतील घुंगुरमाळेचा. पहिला आवाज गाडीवानाला नकोसा असे. म्हणून वंगणाचें नळकांडें बंडीला टांगलेलें असे, आणि कणा करकरूं लागला कीं तो खालीं उतरून त्याला वंगण देई. दुसरा आवाज मात्र त्यानें पैसे मोजून विकत आणलेला असे. त्यानें बैलांना हुरूप येई, गाडीवानाला सोबत होई, आणि अंधारांत समोरून येणाऱ्या माणसाला दुरूनच कळे कीं गाडी येत आहे. नको असलेला आवाज मारावा आणि हवा असलेला राखावा, हा विवेक त्या साध्या वाहनांतहि होता. मोटार आली तेव्हां तो नव्यानें शिकावा लागला, आणि तें शिक्षण अजून पुरें झालेलें नाहीं.

वाशीम हें या शिक्षणाचें एक चांगलें उदाहरण आहे. प्राचीन वत्सगुल्म तें हेंच. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथें होती. इंग्रजी अमदानींत १९०५ पर्यंत हें जिल्ह्याचें ठिकाण होतें, पुढें तें अकोला जिल्ह्यांत सामील झालें, आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. अकोला, हिंगोली, पुसद, रिसोड, मंगरूळपीर व कारंजा या दिशांना जाणारे येथील रस्ते एके काळीं कापसाच्या बंड्यांचे रस्ते होते. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, आणि या जिल्ह्याच्या कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव या तालुक्यांतून तासाला १२० किलोमीटर वेगानें मोटारी धांवूं लागल्या. ५ जून २०२५ पासून हा ७०१ किलोमीटरांचा मार्ग संपूर्ण वाहता झाला आहे.

आतां गांवच्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगानें जातांना जें गाणें मोटारींत स्वच्छ ऐकूं येतें, तेंच या महामार्गावर चाकांच्या घोषांत बुडून जातें. गाणें ऐकणारा मग आवाज वाढवितो. आवाज वाढला कीं दाराचा पत्रा थरथरूं लागतो. आणि पत्र्याची थरथर गाण्यांत मिसळून जें निघतें तें ना गाणें, ना गोंगाट. अखेर तो मोटार कारागिराकडे नेतो. कारागीर दारांचीं आंतील आच्छादनें उतरवितो, उघड्या पत्र्यावर काळ्या चिकट चादरी रुळानें दाबून बसवितो, आणि गालिच्याखालून नव्या तारा ओढतो. पाहणाऱ्याला ही केवळ श्रीमंती हौस वाटते. परंतु त्या काळ्या चादरीच्या आणि त्या तारेच्या मागें मोठा इतिहास आहे. त्या इतिहासाचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर असें, कीं चालत्या वाहनांत चांगलें ऐकावयाचें असेल तर आवाज वाढविण्याआधीं गोंगाट कमी करावा लागतो.

यामागचें गणित सोपें आहे. आवाजाची पातळी डेसिबेलमध्यें मोजतात. ती तीन डेसिबेलनें वाढवावयाची तर ध्वनिवर्धकाची शक्ति दुप्पट लागते. दहा डेसिबेलनें वाढवावयाची तर दसपट लागते. आणि एवढें करूनहि कानाला तो आवाज सुमारें दुप्पटच वाटतो. म्हणजे मोटारींतील गोंगाट तीनच डेसिबेलनें उतरविला, तरी ध्वनिवर्धकाची शक्ति दुप्पट केल्याचें फळ मिळतें. पत्रा गप्प बसविण्यास लागणारा खर्च म्हणूनच वायां जात नाहीं.

मोटारींत नाद आणावयाचा तर प्रथम नाद करणारें यंत्र हवें होतें. चुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें वेटोळें ठेवून त्यांतून विद्युत्प्रवाह सोडला तर तें हलतें, आणि त्याला पडदा जोडला तर आवाज निघतो. या तत्त्वावरील ध्वनिक्षेपकाचें पेटंट ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञानें १८९८ मध्यें घेतलें. अमेरिकेंत पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनीं १९१५ मध्यें अशाच यंत्राला कर्णा लावून मोठ्या जमावाला भाषण ऐकविलें. पण आज दारोदारीं दिसणाऱ्या कागदी शंकूच्या ध्वनिक्षेपकाची घडण चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ मध्यें प्रसिद्ध केली. त्यांनीं आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. शंकू पुढें सरकला कीं पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या तर खर्जाचे स्वर आपसांत जिरून जातात. म्हणून पुढची बाजू मागच्या बाजूपासून फळीनें अलग ठेवावी लागते. शंभर वर्षांनंतर वाशीमचा कारागीर मोटारीच्या दारांतील मोठीं भोकें झांकतो, तो याच कारणासाठीं. दार हेंच त्याच्या ध्वनिक्षेपकाची फळी असतें.

ध्वनिक्षेपक तयार झाला त्याच सुमारास हिंदुस्थानांत नभोवाणीहि आली. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें. घरांत बसून ऐकणें साधलें. मग चालत्या मोटारींत कां साधूं नये? हा प्रश्न ज्यांनीं हातीं घेतला, त्यांत शिकागोचा पॉल गॅल्व्हिन हा प्रमुख होय. मंदीचे दिवस होते, आणि त्याच्या छोट्या कारखान्याला नव्या मालाची गरज होती. विल्यम लिअर व एल्मर वेव्हरिंग या तरुणांच्या साहाय्यानें त्यानें मोटारींत बसणारा रेडिओ तयार केला, आणि जून १९३० मध्यें आपल्या स्टुडबेकर मोटारींत तो बसवून अटलांटिक सिटी येथें भरलेल्या रेडिओ कारखानदारांच्या संमेलनास नेला. संमेलनांत जागा विकत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून त्यानें मोटार बाहेर उभी केली व येणाऱ्या-जाणाऱ्यांस रेडिओ ऐकविला. त्या यंत्राला त्यानें मोटोरोला हें नांव दिलें. त्याची किंमत ११० ते १३० डॉलर पडे, आणि फोर्डची साधी मोटार तेव्हां ५०० डॉलरच्या आंत मिळत असे. युरोपांत १९३२ मध्यें ब्लाउपुंक्ट कंपनीनें असेंच यंत्र काढलें. त्याचा आकार दहा लिटरांहून मोठा आणि किंमत ४६५ मार्क होती.

किंमतीपेक्षांहि कठीण होतें तें बसविणें. घरगुती रेडिओंतील निर्वात नळ्यांना दोनशें व्होल्टच्या आसपास दाब लागे, आणि मोटारींतील बॅटरी सहाच व्होल्टची. प्रारंभीं वेगळ्या बॅटऱ्या बसण्याच्या जागेखालीं दडवाव्या लागत. पुढें क्षणांत अनेकदां जोडणारी व तोडणारी कंपायमान कळ वापरून बॅटरीचा प्रवाह रोहित्रांतून चढविण्याची युक्ति निघाली. पण खरी अडचण याहून चमत्कारिक होती. रेडिओ सुरू केला कीं त्यांतून गाण्याऐवजीं इंजिनाच्या ठोक्याबरोबर कडकड ऐकूं येई.

याचें कारण समजण्यास थोडें मागें जावें लागतें. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८८८ च्या सुमारास विद्युल्लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीपासून. कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ मध्यें भिंतींच्या पलीकडे घंटा वाजवून व दारू उडवून दाखविली, तीहि ठिणगीपासून निघालेल्या लहरींनींच. म्हणजे ठिणगी हें नभोवाणीचें पहिलें प्रक्षेपक यंत्र होय. आणि पेट्रोलच्या इंजिनांत तर दर मिनिटाला हजारों ठिणग्या पडतात! प्रत्येक स्पार्क प्लग हें एक लहानसें नभोवाणी केंद्रच असतें, आणि तें रेडिओपासून हातभर अंतरावर असतें. मुंबईहून येणारा क्षीण सूर या शेजाऱ्यापुढें टिकणार कसा? म्हणून प्लगच्या तारांत विरोधक घालणें, डायनॅमोला काँडेन्सर जोडणें, तारांना धातूचें कवच चढविणें असे उपाय शोधावे लागले. मोटारींतील रेडिओचा जन्म झाला तो गाण्याचें यंत्र मोटारींत ठेवल्यानें नव्हे; मोटारीला विजेच्या भाषेंत गप्प बसविल्यानें झाला.

या काळांतील एक गोष्ट अजून सांगतात. कर्ज मिळावें या आशेनें गॅल्व्हिननें एका बँकवाल्याच्या पॅकार्ड मोटारींत रेडिओ बसवून दिला, आणि अर्ध्या तासांत त्या मोटारीनें पेट घेतला. अर्थात् कर्ज मिळालें नाहीं. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिचा बोध खरा आहे. मोटारींतील तार ही घरांतील तारेसारखी स्वस्थ पडलेली नसते. ती धक्के खाते, पत्र्याच्या कडेवर घासते, इंजिनाच्या उष्णतेनें तापते. तिच्यावरचें वेष्टन एका जागीं झिजलें आणि तांबें पत्र्याला भिडलें, तर बॅटरी आपलें सारें सामर्थ्य त्या एका बिंदूंत ओतते.

म्हणून आजच्या कारागिराचे नियम हे केवळ सुबकपणाचे नियम नाहींत. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर वीतभर, फार तर दीड फुटाच्या आंत फ्यूज पाहिजे. कारण फ्यूज राखतो तो यंत्राला नव्हे, तर तारेला. इंजिनाच्या मागच्या पडद्यांतून तार आंत घ्यावयाची तर भोकाला रबराची कडी पाहिजे. दार व खांब यांच्यामध्यें तार उघड्यावर लोंबतां कामा नये; तेथें मूळचीच रबराची सुरकुतलेली नळी असते, तिच्यांतूनच ती न्यावी, म्हणजे दार हजारों वेळां उघडलें-मिटलें तरी ती तुटत नाहीं. जमिनीची जोडणी करावयाची तेथें रंग खरवडून पत्रा उघडा करावा. हीं चार कामें ज्यानें टाळलीं, त्यानें गाण्यासाठीं मोटारींत विस्तव ठेवला असें समजावें.

तार किती जाड घ्यावी, याचाहि हिशेब आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला दर मीटरला ओहमच्या सुमारें साडेसतरा सहस्रांश इतका विरोध असतो. मागल्या दारापर्यंत पांच मीटर तार गेली, तर जाण्या-येण्याची मिळून दहा मीटर, म्हणजे ओहमचा सुमारें पावणेदोन दशांश विरोध. ध्वनिक्षेपकाचा स्वतःचा विरोध बहुधा चार ओहम असतो. त्या मानानें ही गळती शेंकडा चार-साडेचार, आणि ती कानाला जाणवत नाहीं. म्हणजे ध्वनिक्षेपकाच्या तारेवर अवाच्या सवा खर्च करण्याचें कारण नाहीं. पण बॅटरीपासून ध्वनिवर्धकाकडे जाणाऱ्या तारेची गोष्ट निराळी. तीनशें वॅट ओढणारा ध्वनिवर्धक बारा व्होल्टवर पंचवीस अँपियर घेतो. तो प्रवाह तितक्याच बारीक तारेंतून पांच मीटर नेला तर दोन व्होल्टहून अधिक दाब वाटेंतच खर्ची पडतो, आणि पन्नास वॅटहून अधिक उष्णता त्या तारेंत सांठूं लागते. तीच तार सोळा चौरस मिलिमीटरची घेतली तर घट व्होल्टच्या दीड दशांशाहूनहि कमी राहते. जेथें पैसा घालावयाचा तेथें न घालतां भलतीकडे घालणें, ही चूक येथें फार घडते.

तारांना शेजार कोणाचा द्यावा, हा प्रश्नहि जुनाच आहे. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींभोंवतीं पिळल्या म्हणजे बाहेरचा उपद्रव दोघींत सारखाच शिरतो व अखेरीस वजा होतो, ही युक्ति अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८८१ मध्यें पेटंट करून ठेवली होती. मोटारींतहि तोच न्याय लागूं पडतो. बॅटरीची जाड तार मोटारीच्या एका अंगानें आणि गाण्याचा क्षीण संदेश नेणारी तार दुसऱ्या अंगानें न्यावी. दोघींना एकमेकींवरून जावेंच लागलें तर काटकोनांत जावें. असें केलें नाहीं तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी एक बारीक शीळ गाण्यांत ऐकूं येते. डायनॅमोच्या जागीं १९६० नंतर अल्टरनेटर आला, ठिणगीची कडकड मागें पडली, पण तिची जागा या शिळेनें घेतली. शत्रूचें रूप बदललें, एवढेंच. आणि ध्वनिक्षेपक जोडतांना धन व ऋण टोकांची अदलाबदल एका बाजूला जरी झाली, तरी एक शंकू पुढें व दुसरा मागें जाऊं लागतो आणि खर्ज नाहींसा होतो. दीड व्होल्टचा साधा सेल टोकांना क्षणभर लावून शंकू बाहेर येतो कीं आंत जातो हें पाहिलें, म्हणजे ही चूक तेव्हांच उघडकीस येते.

आतां पत्र्याकडे वळावयाचें. पहिल्या मोटारींचे सांगाडे बहुधा लाकडी असत आणि छपरावर कापड ताणलेलें असे. त्या छपराला आधार म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी असे. रेडिओ बसविणारे लोक त्या जाळीचाच एरियल म्हणून उपयोग करीत. पुढें दाबयंत्रें मोठीं झालीं, आणि जनरल मोटर्सनें १९३५ च्या मोटारींपासून अखंड पोलादी छत आणलें. मोटार बळकट झाली. पण त्या एका पत्र्यानें दोन उत्पात केले. एरियल छपरांतून हद्दपार होऊन पायफळीखालीं व पुढें बाहेरच्या काठीवर गेला. आणि ज्या छपराखालीं माणसें बसत होतीं त्याचा मोठा नगारा झाला.

पत्र्याचा नगारा कां होतो, हें मराठी घरांत कोणालाहि सहज कळेल. पखवाज वाजविण्यापूर्वीं त्याच्या डाव्या अंगाला भिजविलेली कणीक लावतात. कणीक लावल्याबरोबर कोरड्या कातड्याचा उथळ, फुटका आवाज जाऊन गंभीर नाद उमटतो. तबल्याच्या पुडीवरील काळी शाई हीहि त्याच जातीची योजना आहे. तिच्या वजनामुळें कातड्याचीं विस्कळीत कंपनें सुरेल क्रमांत कशीं बसतात, याचा उलगडा सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० व १९३४ मध्यें आपल्या लेखांतून केला. वाद्यकारानें कातड्यावर काळा थर दिला तो स्वर सुधारण्यासाठीं. मोटारकारानें पत्र्यावर काळा थर दिला तो स्वर मारण्यासाठीं. साधन एकच, हेतु मात्र उलटा.

प्रथम हें काम डांबर भिजविलेल्या जाड नमद्यानें केलें जाई. त्यामागील शास्त्र मात्र नंतर आलें. हर्मन ओबेर्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १९५२ मध्यें दाखवून दिलें कीं पत्र्यावर चिकटविलेला लवचीक थर पत्र्याबरोबर वांकतो आणि वांकतांना कंपनाची शक्ति उष्णतेंत रूपांतरित करतो. या गुणाचें मोजमाप कसें करावें हेंहि त्यानें सांगितलें. पुढें १९५९ मध्यें एडवर्ड कर्विन या अमेरिकन शास्त्रज्ञानें एक पाऊल पुढें जाऊन सिद्ध केलें, कीं त्या चिकट थरावर दुसरा ताठ पापुद्रा घातला तर मधला थर दोहोंच्या कैचींत सांपडून कातरला जातो आणि पातळ असूनहि पुष्कळ अधिक शक्ति गिळतो. आज बाजारांत मिळणारी काळी चादर म्हणजे हीच युक्ति होय. तिच्यावरचा चकाकणारा ॲल्युमिनियमचा पापुद्रा शोभेसाठीं नसतो. तोच खरें काम करवून घेतो. मधला थर असतो बहुधा ब्युटिल रबराचा. हें रबर विल्यम स्पार्क्स व रॉबर्ट थॉमस यांनीं अमेरिकेंत १९३७ मध्यें शोधिलें. हवा कोंडून धरण्याचा त्याचा गुण पाहून त्याच्या टायरच्या नळ्या झाल्या, आणि कंपन जिरविण्याच्या त्याच्या गुणामुळें तें मोटारीच्या दारांत शिरलें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही चादर आवाज अडवीत नाहीं. ती पत्र्याला थरथरूं देत नाहीं. बाहेरचा आवाज अडवावयाचा तर वजनदार पडदा लागतो, आणि त्याचें वजन दुप्पट केलें तर फार तर सहा डेसिबेलचा लाभ होतो. आंत शिरलेला आवाज शोषून घ्यावयाचा तर नमदा किंवा सच्छिद्र फोम लागतो. हीं तीन कामें निराळीं, आणि तिन्हींचीं द्रव्यें निराळीं. पत्र्याचा सर्व पृष्ठभाग चादरीनें मढविण्याचीहि गरज नाहीं. बोटांनीं ठोकून पाहिलें असतां जेथें पत्रा ठणठणतो त्या सपाट मध्यभागीं चतुर्थांश भाग झांकला तरी बहुतेक लाभ पदरांत पडतो. कडेला व वळणांवर पत्रा मुळांतच ताठ असतो. तेथें चादर लावणें म्हणजे निजलेल्याला निजविणें होय.

वऱ्हाडांत या कामाला दोन जपणुका अधिक लागतात. एक धुळीची. काळ्या मातीची बारीक धूळ दाराच्या पोकळींत खोल शिरते; पत्रा स्पिरिटनें स्वच्छ पुसल्यावांचून चादर लावली तर वैशाखाच्या उन्हांत ती सुटून खालीं लोंबते. दुसरी पावसाची. कांचेच्या फटींतून पाणी दारांत शिरतें आणि तळच्या भोकांतून निघून जातें. तीं भोकें बुजविलीं तर दारांत डबकें सांठून पत्रा आंतून गंजतो. चादर कोठें लावावयाची याहूनहि कोठें लावावयाची नाहीं, हें जाणणें महत्त्वाचें.

आपल्याकडे या सर्व गोष्टी उशीरां आल्या. मुंबईस कुर्ला येथें वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहानें १९४४ मध्यें प्रीमियर मोटारींची कंपनी काढली. नागपूरचें नभोवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ पासून ऐकूं येऊं लागली. परंतु मोटार दुर्मिळ, रेडिओला सरकारी परवाना आवश्यक, आणि सामान्य माणसाचा प्रवास एस. टी.च्या गाडींत, कीं जेथें तावदानांची खडखड हेंच संगीत! ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरांत लागला आणि १९५५ मध्यें फिल्को कंपनीनें क्रायस्लर मोटारींसाठीं नळ्या नसलेला रेडिओ काढला, तेव्हां बॅटरीचा दाब चढविण्याची कटकट संपली. फिलिप्सनें १९६३ मध्यें काढलेल्या कॅसेटनें तर केंद्रावरचें अवलंबनहि संपविलें. चालकच आपल्या गाण्यांचा निवडक झाला. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली आणि मोटार मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आली. गाडी हलकी, पत्रा पातळ. पेट्रोल वांचलें, पण पत्र्याचा आवाज वाढला. त्याच सुमारास अमेरिकेंत अमर बोस यांनीं जनरल मोटर्सच्या १९८३ च्या मोटारींसाठीं त्या त्या मोटारीच्या आंतील पोकळीचा अभ्यास करून ध्वनियोजना तयार केली. बोस हे एका बंगाली देशभक्ताचे पुत्र होत. मोटार ही एक खोली आहे आणि तिचा स्वभाव ओळखल्यावांचून तिच्यांत गाऊं नये, हें तत्त्व त्यांनीं व्यवहारांत आणलें. पुण्यास १९६६ पासून असलेल्या मोटार संशोधन संस्थेंत आतां गाडीचें कंपन व गोंगाट यांच्या रीतसर चाचण्या होतात. जें काम वाशीमचा कारागीर बोटांनीं ठोकून करतो, तेंच तेथें यंत्रांनीं होतें.

असें सर्व साधलें. तार निर्धोक झाली, पत्रा मुका झाला, कांचा जाड झाल्या. आतां चालक एका निःशब्द खोलींत बसून गाणें ऐकत वाशीमहून नागपूर गांठूं शकतो. पण येथेंच इतिहास एक नवा प्रश्न विचारतो. त्या खोलींत मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा किती ऐकूं येतो? गांवच्या वळणावर सायकलची घंटा ऐकूं येते काय? टायरचा बदललेला सूर, इंजिनाचा आजार सांगणारी खरखर, हीं पूर्वीं चालकाच्या कानावर आपोआप पडत. गोंगाट मारतांना त्यांतील सूचनाहि मारल्या, तर ती शांतता फसवी होय. शिवाय आंतला माणूस शांततेंत बसला म्हणजे बाहेरच्याला शांतता मिळाली असें नव्हे. आपल्या मोटारीचा कर्कश भोंगा तिच्या चालकाला जितका कमी ऐकूं येतो, तितका तो अधिक वाजविला जातो, आणि रस्त्यालगतची शाळा व रुग्णालय तो सोसतात.

जग ही गोष्ट हळूहळू ओळखूं लागलें आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारी इतक्या मुक्या निघाल्या कीं पादचाऱ्यांना, विशेषतः अंध माणसांना, त्यांची चाहूल लागेना. म्हणून १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीनें मंद वेगांत मुद्दाम आवाज केला पाहिजे, असा दंडक झाला आहे. शंभर वर्षें खपून मोटारीचा आवाज मारला, आणि अखेर कायद्यानें तिच्या गळ्यांत पुन्हा घुंगूर बांधले!

वऱ्हाडच्या गाडीवानाला या दंडकाचें नवल वाटलें नसतें. कण्याला वंगण देण्यांत त्यानें आळस केला नाहीं, पण वंगण देतां देतां बैलांच्या माळा काढून ठेवाव्या असें त्याच्या मनांतहि आलें नाहीं. करकर ही त्याची अडचण होती, ती त्यानें मिटविली. घुंगूर हे त्याच्याइतकेच समोरून येणाऱ्याचेहि होते, ते त्यानें राखले. मोटारीच्या दारांत काळी चादर लावणाऱ्या व गालिच्याखालून तार ओढणाऱ्या आजच्या कारागिरापुढें आणि त्याच्या गिऱ्हाइकापुढें काम आहे तें हेंच: कण्याला वंगण द्यावें, आणि घुंगूर ऐकूं येतील एवढा कान उघडा ठेवावा.